पाटावरची स्ट्रिक्ट बाई

केळवेढ्यात इंग्रजी शाळा नव्हती, रेल्वे नव्हती, आणि इंग्रजी बोलणारं माणूस म्हणाल तर एकटे सुमंत मास्तर, तेही गरज पडली तरच. अशा गावात एक इंग्रजी शब्द असा काही रुजला की पुढे वीस वर्षं तो कुणाला परका वाटला नाही. तो शब्द आला पाटाच्या पाण्यावरून, आणि येऊन बसला तो थेट रंगुबाईच्या अंगावर.

राहुरीच्या वरच्या अंगाला, मुळा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर जुना दगडी बंधारा, त्यातून निघणारा एक पाट आणि त्या पाटावर भिजणारी शेतं, एवढाच गावाचा संसार. पाणी पाळीनं मिळायचं, आणि पाळी मोजायची वाटीनं. तांब्याची पातळ वाटी, तिच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. घंगाळात पाणी भरून त्यावर ती अलगद सोडायची. वाटी सावकाश भरत जाते आणि एका क्षणी गुडुप होते. ती बुडाली की झाली एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. एकराला पाच घटका पाणी, मग शेत तालेवार आबासाहेबांचं असो की तीन एकरवाल्या बन्सीचं. प्रत्येक घटकेला पाट सांभाळणाऱ्या पाटकऱ्यानं सुतळीला एक गाठ मारायची आणि गाठी पुऱ्या झाल्या की पाण्याला आडवी लावलेली फळी उचलून पाणी पुढच्या शेताला द्यायचं. कागदावर सगळं कसं छान होतं.

प्रत्यक्षात पाटकरी होता रंगुबाईचा नवरा गोरक्ष, आणि गोरक्ष म्हणजे लाघवी माणूस. नाही हा शब्द त्याच्या जिभेला कधी वळलाच नाही. कुणी म्हणावं, गोरक्षा, अर्धी घटका जास्त सोड, पाव्हणे आलेत. की हा सोडायचा. गावात लग्न निघालं की मुहूर्त मोजायला तीच वाटी लागायची, कारण गावात वाटी एकच. मग त्या दिवशी वाटी मांडवात आणि पाटावर नुसता अंदाज. अंदाजानं मोजलेलं पाणी नेहमी मोठ्याच्या शेतात जरा रेंगाळतं, हे काय सांगायला पाहिजे? चाळीस साली अशाच एका लग्नात बन्सीचा गहू ओंबीत असताना वाळला. बन्सी कुणाला काही बोलला नाही. गोरक्षाला फार वाईट वाटलं, तो बन्सीच्या घरी जाऊन रडूनही आला, पण गहू काही उठून उभा राहिला नाही.

एकेचाळीस साली गोरक्ष नगरला जाऊन पलटणीत भरती झाला आणि बोटीनं कुठल्या कुठे लढाईवर गेला. पाट कोण बघणार म्हणून चावडीत कुजबुज सुरू झाली, तेव्हा रंगुबाई दारातूनच म्हणाली की दुसरं कुणी ठरेपर्यंत चार दिवस मी बघते. त्या चार दिवसांची तीन वर्षं झाली.

पहिल्याच आठवड्यात गावानं ओळखलं की हे पाणी वेगळं आहे. अंगानं काटकुळी, आवाज बारीक, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, कमरेला गाठींची सुतळी आणि डोळे कायम वाटीवर. ती भांडायची नाही, ओरडायची नाही. एवढंच म्हणायची की अजून वाटी बुडायची हाय. एकदा आबासाहेबांनी उसासाठी पाळी सोडून पाणी मागितलं. तिने त्यांना बसायला घोंगडी टाकून दिली, पेरू कापून दिले, लेकीबाळींची विचारपूस केली, आणि पाणी मात्र दिलं ते त्यांच्या पाळीलाच. पेरू खाऊन हात हलवत परत जायची आबासाहेबांना सवय नव्हती. ते त्यांच्या मनात बसलं.

आणि रंगुबाईला पाटाची गोडी लागली. खोटं कशाला बोला? आजवर ती कुणाची लेक होती, कुणाची सून होती, गोरक्षाची बायको होती. पाटावर ती रंगुबाई होती. बाप्ये येऊन तिला विचारायचे, माझी पाळी कधी, आणि ती सांगेल ते धरून चालायचे. पहाटे थंड पाण्यात पाय टाकून ती बांधावर उभी राहिली की तिला वाटायचं, हे काम आपल्याकडून कुणी काढून घेऊ नये. असं काही तिने पूर्वी कधी मागितलं नव्हतं.

चव्वेचाळीस सालच्या पौषात पाटबंधारे खात्याचे एक ओव्हरशियर घोड्यावर बसून बंधारा बघायला आले. त्यांना खालच्या चारीतला पाण्याचा जोर बघायचा होता. म्हणाले, बाई, ती फळी उचला. रंगुबाईनं सांगितलं की चालू पाळीच्या दोन घटका राहिल्यात, त्या झाल्या की उचलते. शिपायानं डोळे वटारले. तिने साहेबांनाही घोंगडी टाकून दिली आणि पेरू कापायला घेतले. साहेब पाऊण तास बसले. जाताना चावडीतल्या शेरेबुकात दोन ओळी इंग्रजीत खरडून गेले.

त्या दोन ओळी वाचायला सुमंत मास्तरांना बोलावलं. मास्तर मूळचे नगरचे, घरात चार पिढ्यांची विद्या, आणि शब्दाच्या बाबतीत भारी चोखंदळ. त्यांनी चष्मा पुसून वाचलं: पाटकरी बाई आहे, पाळी चोख आहे, बाई स्ट्रिक्ट आहे. त्या शेवटच्या शब्दाचा अर्थ आबासाहेबांनी विचारला. मास्तर म्हणाले, कडक. नियमाला धरून चालणारी, सूट न देणारी.

"तेच मी तीन वर्सं सांगतोय," आबासाहेब म्हणाले. "समोर मानूस कोन हाय हे बघून वागावं लागतं. आता सरकारनंबी लिवून दिलं. पाडव्याला दुसरा पाटकरी बघू."

गावाची सालाची कामं पाडव्याला ठरायची. पाडव्याला अडीच महिने होते. आबासाहेबांच्या शब्दापुढे बोलणारं गावात कुणी नव्हतं, आणि रंगुबाईला हे पुरतं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी ती शाळेच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली आणि मास्तरांना तिने सरळ विचारलं की ह्या शब्दात वाईट काय आहे ते सांगा, म्हणजे मी ते टाकून देईन.

मास्तरांना उत्तर सुचेना, आणि उत्तर न सुचणं हा त्यांना आजार वाटायचा. शनिवारी अर्धी शाळा सोडून ते नगरला गेले, ओळखीच्या एका शिक्षकाकडचा मोठा कोश मांडीवर घेऊन बसले आणि सोमवारी एक कागद भरून परत आले. पाटावर जाऊन त्यांनी रंगुबाईला वाचून दाखवलं. शब्द इंग्रजांचाही नव्हे म्हणाले, त्यांनी तो रोमन लोकांच्या जुन्या लॅटिन भाषेतून उचललेला. तिथे त्याचा मूळ अर्थ ओढून, आवळून बांधलेलं. पुढे तो नियमाला लावू लागले, मग नियम पाळणाऱ्या माणसाला, मग मास्तरांना, मग बापांना.

रंगुबाईनं कमरेची सुतळी काढली आणि एक गाठ त्यांच्यापुढे धरली. "आवळून म्हंजी अशी?"

मास्तरांनी गाठ नखानं सोडून बघितली. सुटली नाही. ते म्हणाले, "अगदी अशी."

"मग ह्यात टाकायचं काय?" ती म्हणाली. "ढिली गाठ मारली तर ती गाठ कशी?" आणि ती वाटीकडे वळली, कारण वाटी बुडत आली होती.

गावानं मात्र तो शब्द असा डोक्यावर घेतला की विचारू नका. मास्तर जीव तोडून सांगत की हा शब्द माणसाला लावा, नियमाला लावा, उपासाला लावा, वैद्याच्या पथ्याला लावा. गावानं तो पहिल्यांदा लावला मिरचीला. मग थंडीला. मग तालमीच्या वस्तादाला, इथवर ठीक. पण मग खोडील बैलाला, नव्या वहाणेला आणि चहालाही. छबूबाई नावाची एक म्हातारी आपल्या गुळाच्या चहाला स्ट्रिक्ट म्हणून वाखाणू लागली तेव्हा मास्तरांनी हात टेकले. पोरं पाटावरून जाताना रंगुबाईला स्ट्रिक्ट आत्या म्हणायची. ती हसायची, पण पाडवा जवळ येत होता आणि रोज रात्री ती बोटांवर दिवस मोजत होती.

माघात आबासाहेबांच्या लेकीचं, लंकाचं, लग्न निघालं. लंका लहानपणी रंगुबाईच्याच कडेवर वाढलेली. मुहूर्त निघाला सूर्योदयापासून बाराव्या घटकेला, आणि त्याच दिवशी सूर्योदयापासून बन्सीची पाळी होती. तीन एकर, पंधरा घटका. त्याचा गहू ओंबीत आलेला, बंधारा उतरत चाललेला. ही पाळी हुकली तर पुढची मिळायची नाही.

आदल्या दिवशी आबासाहेबांचा गडी वाटी मागायला आला.  वाटी दिली तर कदाचित पाट राहील, नाही दिली तर पाडव्याला गेलाच. तिच्या डोळ्यांपुढे चाळीस सालचा तो पिवळा पडलेला गहू आला, आणि बन्सीच्या दारात रडणारा गोरक्षही आला. तिने गड्याला सांगितलं की उद्या वाटी पाण्यात असेल, बन्सीची पाळी झाली की घेऊन जा.

आबासाहेब तापले. म्हणाले, तुझी वाटी तुला लखलाभ, पाव्हण्यांकडं घड्याळं हायेत. पाव्हणे नगरचे, त्यांच्या मनगटाला घड्याळं, त्यामुळे वाटीची कुणाला पर्वा नव्हती. पत्रिकेतही मुहूर्त घड्याळाचा छापला होता: अकरा वाजून त्रेपन्न मिनिटं. जोशी विष्णुपंतांनी वाटी विचारली, तेव्हा त्यांनाही हेच सांगण्यात आलं.

आता त्या दिवसांत लढाईपायी सरकारनं घड्याळं एक तास पुढे केली होती. काहींनी केली होती, काहींनी सरकारचं काय ऐकायचं म्हणून केली नव्हती. मांडवात नवरदेवाच्या मामाचं घड्याळ दहा वाजून पंचावन्न मिनिटं दाखवत होतं, आणि काकाचं अकरा वाजून पंचावन्न. मामा म्हणाले अजून बराच वेळ आहे, फराळ आणा. काका म्हणाले मुहूर्त टळला, आता काय करायचं ते बोला. पत्रिकेतली वेळ जुनी की नवी, ते छापणाऱ्यालाही आठवेना. दोघांच्या घड्याळांवरून दोन्हीकडच्या बायकांचे आवाज चढले, लंका बोहल्यामागे रडकुंडीला आली. विष्णुपंतांनी काखा वर केल्या.

"मला घड्याळ कळत नाही," ते म्हणाले. "पंचांगात बारावी घटका आहे. सूर्योदयापासून घटका कोणी मोजल्यात ते सांगा."

 सूर्योदयापासून घटका मोजणारं माणूस गावात एकच होतं, आणि ते पाटावर उभं होतं.

आबासाहेब स्वतः धावले. अर्ध्या कोसाचा बांध, पटक्याचा शेमला मागे फडफडतोय, मागून धोतर वर धरून विष्णुपंत, त्यांच्या मागे मास्तर. रंगुबाईनं त्यांना येताना पाहिलं आणि तिला वाटलं, आला, आजच पाट गेला. आबासाहेबांना धाप लागली होती. त्यांनी नुसतं विचारलं, किती झाल्या? तिने सुतळी पुढे केली. दहा गाठी. अकरावी वाटी घंगाळात तरंगत होती, नुकतीच सोडलेली.

विष्णुपंतांनी एकेक गाठ चाचपली, ओढून बघितली. एकही हलली नाही. म्हणाले, मुहूर्त टळलेला नाही, पुऱ्या दोन घटका आहेत. आबासाहेबांनी पटक्याच्या शेमल्यानं घाम पुसला. मग सवयीप्रमाणे म्हणाले की वाटी मांडवात घेऊन चल.

रंगुबाई घंगाळापुढे उभी राहिली. आपल्या बारीक आवाजात ती म्हणाली, "आबासाहेब, वाटी उचलली तर बन्सीची पाळी मोडंल. आन् तुमचा मुहूर्तबी मोडंल. दोनी एकाच पान्यात हायेत."

  तोडगा मास्तरांनी काढला. मांडवापासून पाटापर्यंत बांधावर हाकेहाकेवर माणसं उभी करायची. घटकाभरात गावचे आणि पाव्हण्यांचे मिळून चाळीस-पन्नास जण ओळीनं उभे राहिले. घड्याळवाले मामा आणि काका शेजारी शेजारी होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. बन्सी पाण्यात, हातात फावडं, त्याच्या गव्हाला पाणी चाललेलं. अकरावी वाटी बुडाली. बारावी सोडली.  ती अर्धी भरली, कडेला आली, थरथरली आणि गुडुप झाली. रंगुबाईनं हात वर केला, ओरडली, आणि तिची हाक बांधावरून माणसामाणसातून पळत मांडवात शिरली. अंतरपाट खाली गेला. पाटावर ताशांचा आवाज ऐकू आला तेव्हा रंगुबाई बारावी गाठ आवळत होती. लंकाचं लग्न बघायला ती नव्हती, पण ते तिच्याच हातून लागलं होतं. पुढच्या तीन घटकांचं पाणीही बन्सीला पुरतं मिळालं.

दुपारी वरात निघाली ती वाट वाकडी करून पाटावरून गेली. लंका गाडीतून उतरली आणि रंगुबाईच्या चिखलानं भरलेल्या पायांवर तिने डोकं ठेवलं.

पाडव्याला चावडीत पाटकऱ्याचा विषय निघाला. सगळे आबासाहेबांकडे बघू लागले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बाई स्ट्रिक्टच हाय. माझ्या लेकीचं लगीन त्यावरच लागलं. गोरक्ष येईपत्तुर पाट तिच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

गावानं माना डोलावल्या. रंगुबाईला आनंद झाला, नाही कसा होईल? पण त्यातले दोन शब्द तिच्या कानात अडकून राहिले: गोरक्ष येईपर्यंत. नवरा यावा म्हणून ती रोज देवापुढे दिवा लावत होती. तो आला की पाट जाणार होता. ह्या दोन्ही गोष्टी एकाच छातीत घेऊन तिने पुढची दोन वर्षं काढली, आणि ह्यातलं कुणापाशी बोलता येण्यासारखं नव्हतं.

सेहेचाळीस सालच्या पौषात एका सकाळी पाटावर शेजारच्या रतनबाईची पाळी चालू होती. तिच्यानंतर रंगुबाईच्या स्वतःच्या एकराची. बांधावरून खाकी कपड्यातला एक माणूस डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन येताना दिसला. चाल ओळखीची होती.  गोरक्षानं ट्रंक टाकली आणि त्याची नजर गेली ती आपल्या सुकत चाललेल्या गव्हावर. पाच वर्षांच्या सगळ्या मायेनं तो वाकला आणि त्याने सवयीनं फळीला हात घातला.

"फळी सोडा," रंगुबाई म्हणाली. "रतनबाईच्या तीन घटका ऱ्हायल्यात."

गोरक्षानं हात काढला. तो तिच्याकडे, सुतळीकडे, वाटीकडे बघत राहिला आणि मग इतका हसला की पलीकडच्या शेतातल्या बायका उभ्या राहून बघू लागल्या. म्हणाला, आमच्या सार्जंटाला सगळी पलटण स्ट्रिक्ट म्हणायची, त्याला इथं आणून दाखवायला पाहिजे होतं. तिने त्याला घोंगडी टाकून दिली. पाण्याचा तांब्या दिला, पेरू कापून दिला. त्याच्या अंगावर जखमा आहेत का हे तिला बघायचं होतं, त्याच्या पायाला हात लावायचा होता, पण वाटी बुडायला आली होती. ती बुडाली. गाठ मारताना तिची नजर त्याच्याकडे गेली आणि गाठ ढिली बसली. पाच वर्षांत पहिल्यांदा. तिने ती सोडली आणि पुन्हा आवळून मारली.

"पाच वर्सं काढली," गोरक्ष म्हणाला. "दोन घटका काय!"

दुसरी वाटीही बुडाली. तिसरी अर्धी भरल्यावर रंगुबाईनं वाटीवरची नजर न काढता विचारलं, "पाडव्याला गावाला काय सांगू?"

त्याला सगळं ठाऊक होतं. मास्तरांनी पत्रातून कळवलं होतं, लंकाच्या लग्नासकट. बन्सीचा पाण्यानं हिरवागार झालेला गहू तो येताना बघून आला होता, आणि त्या शेताच्या बांधावर जरा वेळ उभाही राहिला होता.

"सांग, गोरक्ष आलाय, आपलं एकर कसायला," तो म्हणाला. "पाटकरी गावात हाय."

तिसरी वाटी बुडाली. रंगुबाईनं गाठ आवळली, फळी उचलली आणि पाणी त्यांच्या एकराकडे वळलं. गोरक्ष लष्करी बूट काढून पोरासारखा पाण्याच्या पुढे पुढे धावला. तिने आपल्या पाळीची पहिली वाटी घंगाळात सोडली आणि मगच डोळ्यांना पदर लावला.